ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी चेक इंजिनचा दिवा परत का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, रोजचा डोंबिवली-अंधेरी प्रवास. चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर पी०१७१ आणि पी०१३१ असे दोन कोड निघाले. ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ म्हणून त्याने वरचा सेन्सर बदलला आणि साडेसहा हजार घेतले. आठ दिवस दिवा बंद होता, नवव्या दिवशी परत लागला, कोडही तेच. आता तो म्हणतो, खालचा सेन्सरही बदलून टाकू. बदलावा का?

नका बदलू. वरचा सेन्सर इंजिन आणि कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) यांच्या मधे असतो; खालचा कॅटकॉनच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला. कॅटकॉन काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवणं हे त्याचं मुख्य काम. पेट्रोल किती मारायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो ते वरच्या सेन्सरच्या सांगण्यावरून. तुमचे दोन्ही कोड वरच्या बाजूचे आहेत. त्यासाठी खालचा सेन्सर बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आणि एक सांगा, दिवा लागला तेव्हा गाडी गॅसवर होती की पेट्रोलवर? तुम्ही ते लिहिलेलं नाही. माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. त्याकडे येतोच.

मी चेंबूरला पंचवीसेक वर्षं गॅरेज चालवतोय. स्कॅनर हातात आल्यापासून आमच्या धंद्यात एक सवय लागली आहे: कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येईल तो पार्ट बदलायचा. कोड म्हणजे पोलीस स्टेशनातली तक्रार समजा. कोणी केली आणि काय केली एवढंच त्यात लिहिलेलं असतं, चोर कोण ते शोधायचं बाकी असतं. ऑक्सिजन सेन्सर इथे तक्रारदार आहे, आणि आमच्याकडे तक्रारदारालाच आत टाकायची पद्धत आहे.

तुमच्या दोन तक्रारी वाचून बघू. पी०१७१ म्हणजे ईसीएमचं म्हणणं असं, की मी पेट्रोल वाढवत वाढवत माझ्या मर्यादेपर्यंत आलो, तरी मिश्रण लीनच दिसतंय; हवा जास्त, पेट्रोल कमी. पी०१३१ म्हणजे वरच्या सेन्सरचं व्होल्टेज खालीच पडून राहिलंय. आता बघा, इंजिन खरंच लीन चालत असेल तर सेन्सर खालचंच व्होल्टेज देणार, तेच त्याचं काम. मग दोन्ही कोड खरे आणि सेन्सर निर्दोष. उलट सेन्सर खोटं बोलत असेल, म्हणजे त्याची सिग्नलची वायर कुठे बॉडीला टेकत असेल किंवा आतली सिरॅमिक तडकली असेल, तरीही हेच दोन कोड येऊ शकतात. नुसत्या कोडवरून हा फरक कळत नाही, तपासावंच लागतं.

मग मधले आठ दिवस दिवा बंद का होता? कारण गॅरेजवाल्याने सेन्सर बदलल्यावर कोड पुसला. कोड पुसला की ईसीएमने शिकलेली दुरुस्तीही शून्यावर येते. ती परत मर्यादेपर्यंत चढायला वेळ लागतो. शिवाय असे बहुतेक कोड पहिल्या फेरीत नुसते ‘पेंडिंग’ राहतात, पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला तरच दिवा लागतो. बॅटरीची तार काढून लावली असती तरी तुम्हाला तेच आठ दिवस मिळाले असते, आणि तेही फुकट. म्हणून यापुढे कोणालाही कोड पुसू देण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. त्यात ‘फ्रीझ फ्रेम’ नावाचं एक पान असतं: दोष नोंदला त्या क्षणी इंजिनचं तापमान किती, आरपीएम किती, लोड किती, गाडीचा वेग किती. सिग्नलला उभी असताना कोड लागला की ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ऐंशीने जाताना, हे त्यात दिसतं. पुसलं की पुरावा गेला.

सेन्सर काय करतो हे कळलं की पुढचं सोपं जातं. टोकाला झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. टोपीच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, टोपीच्या बाहेर इंजिनचा धूर. साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर ती व्होल्टेज देते. धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे लीन, तर ०.१ च्या आसपास. मधली रेघ ०.४५. एक किलो साध्या पेट्रोलला १४.७ किलो हवा हे बरोबर प्रमाण, ती रेघ तिथेच. ईसीएम या रेघेच्या अलीकडे-पलीकडे सतत झोका घेत राहतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज कधी एका जागी बसत नाही. बॉश कंपनीचा हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत आला. आमच्या उस्तादांना मात्र तो ठाऊक नव्हता. ते पद्मिनी टॅक्सीचा प्लग काढून उन्हात धरायचे. विटकरी रंग असेल तर कार्ब्युरेटर बरोबर, पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा मला तो विटकरी रंगच आठवला. सेन्सर तेच काम करतो, फक्त सेकंदाला अनेकदा.

आता घरी करता येईल अशी तपासणी. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळतो, ऑनलाइनही मिळतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात लावा आणि मोबाइलवर एखादं स्कॅनर अ‍ॅप घ्या. गाडी पेट्रोलवर टाका, गॅसचं बटण बंद. पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. मग उभी करून, न्यूट्रलमध्ये, अ‍ॅपवर फक्त ‘ओटू बँक १ सेन्सर १’, म्हणजे वरचा सेन्सर, हा एकच आकडा लावा. एकच का, तर स्वस्त डोंगल एकावेळी दहा आकडे मागितले की धापा टाकतो. मग चांगला सेन्सरही सुस्त दिसतो आणि माणूस उगाच पी०१३३ च्या, म्हणजे सुस्त सेन्सरच्या कोडच्या, मागे लागतो.

अडीच हजार आरपीएमवर रेस स्थिर धरा. दहा सेकंदांत व्होल्टेज आठ-दहा वेळा वर-खाली जायला हवं. मग पाय काढा आणि एकदम जोरात रेस देऊन सोडा. रेस देताना आकडा ०.८ च्या वर उडी मारायला हवा. सोडल्यावर ईसीएम क्षणभर पेट्रोल पूर्ण तोडतो, तेव्हा तो ०.१ च्या खाली पडायला हवा. दोन्ही झालं तर सेन्सर जिवंत आहे, खरं बोलतोय. तुमचा सेन्सर तर नवीन आहे, तो ही परीक्षा पास होईल असं मला वाटतं. रेस देऊनही ०.१ वरच चिकटून राहिला तर मात्र सेन्सरपासून ईसीएमपर्यंतची सिग्नलची वायर तपासा. आणखी एक नवा सेन्सर आणू नका.

हे सगळं जुन्या पद्धतीच्या सेन्सरला लागू आहे. २०२० च्या एप्रिलपासून धुराचा बीएस-६ नियम आला. त्यानंतरच्या काही गाड्यांत वर एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचं व्होल्टेज असं झोके घेत नाही, तिथे लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा बघावा लागतो. तुमची २०१६ ची आहे, त्यामुळे वरची पद्धत बहुधा चालेल.

सेन्सर खरं बोलतोय हे ठरलं की पुढचा प्रश्न, तो लीन का म्हणतोय? यासाठी अ‍ॅपवर दोन आकडे बघायचे: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ईसीएम ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते यात दिसतं. दोघांची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर ठीक. वीस-पंचवीसच्या पुढे अधिक गेली की पी०१७१ चा दिवा. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला नऊ किलोच. म्हणून ई-१० वर चालणारी गाडी ई-२० वर आली की ट्रिम साधारण चार टक्क्यांनी वर सरकते. तेवढ्याने घाबरू नका. पण तुमच्या गाडीचा कोड लागलाय, म्हणजे गोष्ट चार टक्क्यांची नाही.

आणि इथे तो गॅसचा प्रश्न येतो. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट कसं चालतं ते बघा. पेट्रोलचा ईसीएम नेहमीप्रमाणे पेट्रोल इंजेक्टरला ‘इतके मिलिसेकंद उघड’ म्हणतो. किटचा डबा तो इशारा मधेच पकडतो, त्याला गुणून गॅसच्या इंजेक्टरचा वेळ काढतो आणि गॅस सोडतो. पेट्रोलच्या ईसीएमला पत्ताच नसतो की गॅस जातोय. ऑक्सिजन सेन्सर मात्र एकच, तो गॅसच्या धुराचंही खरंच सांगतो. किटचं ट्यूनिंग लीन बाजूला सरकलं, गॅस फिल्टर भरला, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरचं प्रेशर पडलं, की सेन्सर लीन म्हणणार. ईसीएम बिचारा पेट्रोल वाढवतोय समजून ट्रिम चढवत जाणार, आणि शेवटी पी०१७१ लावणार. दोष गॅस किटमध्ये, कोड पेट्रोलच्या डब्यात, आणि बिल ऑक्सिजन सेन्सरचं. मुंबईत लोक किलोमीटरचा हिशेब लावून किट बसवतात. पुढे त्याचं ट्यूनिंग कोणी बघत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सीएनजीवाले पेट्रोल रिझर्व्हवरच ठेवतात, शंभर-दोनशेचं टाकतात. पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो, त्याला थंडावा पेट्रोलचाच. टाकी रिकामी ठेवून चालवली की पंप तापतो, कमजोर होतो. पेट्रोल इंजेक्टर दिवसभर बंद पडून राहतात, त्यांच्या तोंडाशी गोंदासारखा थर बसतो. मग पेट्रोलवर आली की गाडी लीन. हा प्रकार मी आठवड्याला एक तरी बघतो. माणूस सांगतो, ‘गॅसवर मस्त चालते, पेट्रोलवर पिकअप नाही.’

म्हणून हे करा. पेट्रोल दहा-बारा लिटर टाका, कमी पडलं तर परत टाका. सध्याच्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून मग कोड पुसा. चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, गॅसचं बटण दाबूच नका. खर्च होईल, पण साडेसहा हजारांपेक्षा कमी. रोज संध्याकाळी गरम इंजिनवर लाँग टर्म ट्रिम वहीत लिहा, एक आयडलिंगला आणि एक अडीच हजारावर. पाचव्या दिवसापासून गॅसवर चालवा आणि तेच दोन आकडे तसेच लिहा.

पेट्रोलवर ट्रिम शून्याजवळ आणि गॅसवर अधिक पंधरा-वीस आली, तर किटवाल्याकडे जा. फिल्टर बदलून लॅपटॉपवर ट्यूनिंग करून घ्या, ऑक्सिजन सेन्सरचं नावही काढू नका. गॅसवर बरी आणि पेट्रोलवर अधिक वीस असेल, तर पेट्रोलचं प्रेशर मोजायला सांगा आणि इंजेक्टर मशीनवर साफ करून घ्या. पेट्रोलवर आयडलिंगला बरी पण अडीच हजारावर किंवा चढावर ट्रिम चढत असेल, तर पंप किंवा पेट्रोल फिल्टरवर माझा पहिला संशय. दोन्ही इंधनांवर, दोन्ही आरपीएमवर सारखीच लीन असेल, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा. तिथे माझ्या मनात पहिलं येतं ते एक्झॉस्टची गळती. त्यानंतर मॅप सेन्सर (तो काय ते पुढे सांगतो) आणि मिसिंग. प्लग किंवा कॉईलमुळे एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर लीनच म्हणतो. प्रत्यक्षात पेट्रोल वायाच जात असतं. दिवा नुसता लागलेला नसून मिचमिचत असेल, तर ते जोरदार मिसिंग आहे. गाडी बाजूला घ्या, कॅटकॉन जळून जातो.

हवेच्या गळतीचं सगळे सांगतात: इनटेकच्या पाइपला चीर, एअर पकडतंय वगैरे. ते खरं, पण त्यात एक गोम आहे. आपल्याकडच्या लहान हॅचबॅकमध्ये बहुतेक हवा मोजणारा एमएएफ नसतो, इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचा, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, गळती झाली तर दाब वाढतो, तो मॅपला दिसतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवून टाकतो. मग ट्रिमपेक्षा आयडलिंगच चढलेलं किंवा वर-खाली होणारं दिसतं. म्हणून तुमच्या गाडीत निव्वळ हवेच्या गळतीवर मी तितका भर देणार नाही.

एक्झॉस्टच्या गळतीवर मात्र देईन, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. एक टूरिस्ट टॅक्सी होती, कोड पी०१३१. मी सेन्सर बदलला. पंधरा दिवसांनी परत आली. मला वाटलं सेन्सर डुप्लिकेट निघाला, दुसरा लावला. परत आली. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, ‘शेठ, दिवा सकाळी घरून निघतानाच लागतो, दुपारी कधीच नाही.’ हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट केली, पोराला मागे पाठवून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरायला लावलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांजवळ, कान नेला. टिक-टिक-टिक. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग, भोवती काजळीचा काळा पट्टा. इंजिन तापलं की धातू फुगून भेग मिटायची आणि आवाज बंद. तुम्ही म्हणाल, भेगेतून धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, तो ठोक्यांनी येतो. दोन ठोक्यांच्या मधे दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि तेवढ्यात भेगेतून हवा ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. दोन्ही सेन्सरचे पैसे मी परत केले, मॅनिफोल्ड वेल्ड करून दिला. तेव्हापासून गिऱ्हाईक ‘कधी’ म्हणाला की मी लिहून घेतो.

ही फडक्याची तपासणी तुम्हीही करू शकता, पण इंजिन थंड असतानाच, मोकळ्या जागेत आणि दोघांनी मिळून. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नको.

हीटरच्या कोडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण माझ्या बघण्यात बरेच सेन्सर उगाच बदलले जातात ते याच कोडवर. सेन्सर लवकर तापावा म्हणून आत हीटर असतो. वरच्याचा कोड पी०१३५, खालच्याचा पी०१४१. एकेकटा आला तर हीटर गेलेला असू शकतो. कपलर (वायरींचा जोड) काढा, सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरी म्हणजे हीटर, त्यांच्यात मल्टिमीटरने ओम मोजा. थोडेसे ओम दाखवायला हवेत, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटला. पण दोन्ही कोड एकाच दिवशी आले तर दोन सेन्सर एकदम मेले असं होत नाही. फ्यूज बघा, सप्लायची वायर बघा.

दादरचे एक गृहस्थ असेच दोन्ही सेन्सर दुसरीकडे बदलून माझ्याकडे आले. फ्यूज ठीक. चावी ऑन करून कपलरवर मीटर लावला: १२.३ व्होल्ट. मीटर म्हणतो सप्लाय आहे. आमचा पोरगाही म्हणाला, आहे की. मग मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब काढला, दोन वायरी जोडल्या आणि मीटर तसाच ठेवून त्याच जागी तोही लावला. बल्ब विझत आलेल्या उदबत्तीसारखा लाल झाला, आणि मीटरवर चार व्होल्ट. म्हणजे वायरीतून व्होल्टेज येतंय, पण करंट पेलत नाही. वायरिंग पकडत मागे गेलो. बॅटरीच्या ट्रेखाली काळी नळी कुरतडलेली, आतली वायर सोललेली, तांब्याचे दोनच तंतू शिल्लक, तेही गंजून हिरवे. शेजारी उंदराच्या लेंड्या आणि वडापावचा अर्धा कागद. त्यांची गाडी बिल्डिंगच्या कचराकुंडीला लागून उभी असायची. वायर जोडली, वर हीट-श्रिंकची नळी चढवली, अर्ध्या तासाचं काम. मीटर करंट न घेता मोजतो, म्हणून त्याला दोन गंजके तंतूही पुरतात. गॅरेजमध्ये मीटर नसला तरी एक बल्ब हवाच.

पावसाळ्यात हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाण्यातून गाडी काढली आणि कोड आला, तर आधी कपलर उघडा. पिनांवर हिरवट थर दिसेल, तो खाऱ्या हवेचा. साफ करून वाळवा आणि दोन दिवस वाट बघा. लाल तापलेल्या सेन्सरवर थंड पाणी पडून सिरॅमिक तडकते हेही होतं, पण ते कपलर बघितल्यानंतर ठरवायचं.

कॅटकॉन कमजोर आहे असं सांगणारा पी०४२० कोड आला म्हणून लगेच कॅटकॉन बदलू नका आणि पोकळ तर मुळीच करू नका. आधी मिसिंग, ट्रिम आणि गळती निपटा. आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियमच्या पैशांसाठी जुना कॅटकॉन उचलायला भंगारवाले टपलेलेच असतात.

कधी खरंच सेन्सर बदलायची वेळ आली तर काही गोष्टी सांभाळा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला डब्यासकट डुप्लिकेट मिळतो, बिलाशिवाय घेऊ नका. युनिव्हर्सल सेन्सरची वायर कापून जोडावी लागते, आणि तिथे पोरं सोल्डर मारतात. सेन्सरला आतली स्वच्छ हवा त्याच वायरींच्या आतून मिळते. सोल्डर किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं की ती वाट बंद होते आणि नवा सेन्सर खोटं बोलायला लागतो. दादरच्या गाडीत मी वायरिंगची वायर जोडली, सेन्सरची नव्हे. जमेल तेव्हा कपलरसकट येणाराच घ्या. २२ चा पाना लागतो. इंजिन कोमट असताना काढा, थंडगार असताना चुडीसकट (आट्यांसकट) उखडतो. नव्या सेन्सरच्या चुडीवर पेस्ट लावलेली येते, ती टोकाला लागू देऊ नका. आणि गॅरेजमध्ये दिसेल त्या गॅस्केटला जी सिलिकॉन पेस्ट फासतात, ती सेन्सरला चालणारी आहे का हे ट्यूबवर वाचा. साध्या सिलिकॉनची वाफ टोकावर पांढरा थर बसवते आणि सेन्सर हळूहळू आंधळा होतो.

तर तुम्ही आज एवढंच करा: गॅरेजवाल्याला खालच्या सेन्सरसाठी नाही म्हणा आणि वरून काढलेला जुना सेन्सर मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत. टोक उजेडात धरून बघा. काळी काजळी असेल तर गाडी रिच चालत होती, आणि मग तुमच्या कोडशी ते जुळत नाही, मला लगेच कळवा. पांढरी भुकटी असेल तर सिलिकॉन. नुसता फिकट राखाडी, कोरडा असेल तर तो सेन्सर बहुधा चांगलाच होता. कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. चार दिवस पेट्रोलवर, चार दिवस गॅसवर, आणि वहीतले ते आठ दिवसांचे आकडे आले की पुढे कुठे हात घालायचा ते सांगतो.